कोरडा अंगठा

सिद्धनाथची आणि माझी ओळख भांडणाने झाली. होटगी रस्त्याला ज्या शाळेत मी जन्मभर मराठी शिकवलं, तिच्या मैदानावर निवृत्तीनंतरही मी रोज सकाळी फिरायला जाते. एका सकाळी हवेतून गरगरत एक लाकडी वस्तू आली आणि माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर आदळली. उचलून पाहिलं तर लहान मुद्गलासारखं काहीतरी, तळाला लोखंडी चकती. डोक्यात बसलं असतं तर तिथेच आटोपलं असतं. मी ते हातात धरून तरातरा चालत गेले, वर्गातल्या आवाजात झाडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. समोर एका लोखंडी खुर्चीवर एक तरुण पट्ट्यांनी बांधून बसवलेला होता. खुर्चीही दोरांनी जमिनीतल्या खुंट्यांना ताणून बांधलेली. त्याची पाठ मैदानाकडे होती. मी कुठून चालले होते हे त्याला दिसायचा प्रश्नच नव्हता.

"चुकलं बाई," तो म्हणाला. "वाऱ्यानं गेलं."

"वारा कुठं आहे?"

"मग मीच चुकलो की." असं म्हणून तो हसला आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याने घाईघाईने विचारलं, "कुमार, पन पडलं कुटं?"

"बाईंच्या पायापाशी. त्या लिंबाच्या बी पुढं."

"एवढं लांब? खरं सांग बे!"

मी मरता मरता वाचले होते आणि ह्या पोराला आनंद झाला होता. मला राग यायला हवा होता. आला नाही. त्या दिवसापासून माझी मैदानावरची फेरी त्याच्या खुर्चीपाशी संपायला लागली.

सिद्धनाथचं गाव होटगीच्या पुढे, आत. घर मेंढपाळांचं. एकोणीस-वीस वर्षांचा असताना शेरडांना पाला तोडायला बाभळीवर चढला आणि फांदीसकट खाली आला. मान मोडली. गावातल्या चौघांनी त्याला हातापायांना धरून उचलला आणि टेम्पोत टाकला. मान हलवायची नसते हे त्या वेळी तिथे कोणाला माहीत असणार? पुण्याला नेल्यावर जीव वाचला. पाय गेले, कमरेतलं बळ गेलं, बोटं मिटेनात. खांदे आणि दंड तेवढे राहिले. तो जे फेकायचा त्याला क्लब थ्रो म्हणतात. ज्यांच्या हाताची पकडच गेली आहे अशांसाठीचा हा खेळ. तो क्लब बोटांच्या बेचक्यात अडकवायचा आणि डोक्यावरून मागे भिरकवायचा. म्हणजे आपण फेकलेलं कुठे पडलं हे त्याला कधीच दिसायचं नाही. दर वेळी विचारावं लागायचं, "कुटं पडलं?" कुमार पळत जाऊन बघायचा आणि ओरडून सांगायचा.

कुमार त्याचा चुलतभाऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या तोंडाशी त्याची चहाची टपरी होती आणि मागेच पत्र्याची खोली. सिद्धनाथ आणि त्याची आई केराबाई गाव सोडून तिथेच राहायला आले होते.

"बाई, एवढी वर्सं झाली, मला उचलूनच नेत्यात सगळीकडं," तो एकदा म्हणाला. "न्हानीत उचलून, दवाखान्यात उचलून. मतदानाला गेलो तर पोलिसानं उचललं. हे एकच असं हाय बघा, की मी फेकतो आन् पळायचं दुसऱ्यानं."

खेळाचं महत्त्व ह्या विषयावर मी पोरांकडून जितके निबंध लिहून घेतले, त्यांतल्या एकातही असलं वाक्य नव्हतं.

आता घामाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. मान मोडली की नुसते पाय जात नाहीत. अंग तापलं की घाम सोडा, असा निरोप मेंदूकडून खाली जावा लागतो आणि तो जाण्याची वाटच तुटलेली असते. सिद्धनाथला मानेखाली घामाचा एक थेंब येत नव्हता. सोलापूरच्या उन्हाळ्यातही नाही. कपाळही जवळपास कोरडंच. आपल्याला वाटतं, किती छान! पण तो घाम आहे म्हणून आपण चैत्र-वैशाखातून जिवंत बाहेर पडतो. हे मला त्यानेच समजावलं होतं. कुमारने हौसेने टपरीवरच्या मातीच्या माठाला बाहेरून निळा ऑइलपेंट दिला होता आणि त्यातलं पाणी दुपारी चहासारखं व्हायचं. "त्यो माठ न् मी एकच," सिद्धनाथ म्हणायचा. "पाझर न्हाय तर गार कसं ऱ्हानार?"

म्हणून कुमारच्या खांद्यावर कायम एक ओला टॉवेल असायचा. शेजारच्या कारखान्यातले विणीत दोष असलेले टॉवेल त्यांना मिळायचे. दर दोन फेकींनंतर तो मानेवर टाकायचा, न्हाव्याकडे असते तसली फवाऱ्याची बाटली तोंडावर मारायची आणि पुन्हा क्लब बोटांत अडकवायचा. एवढं केलं की तो खेळू शकायचा. एवढंच करायचं होतं, फार काही नाही.

त्याचे प्रशिक्षक वेणीमाधव सर. आमच्याच शाळेतले, पीटीचे. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटली नव्हती. मी त्यांच्याबद्दल कडू बोलणार आहे, म्हणून आधी चांगलं सांगून घेते. ती लोखंडी खुर्ची त्यांनी वेल्डरच्या डोक्यावर बसून करून घेतली होती. स्पर्धेला जाताना रेल्वेत सिद्धनाथला खालचा बर्थ मिळावा म्हणून टीसीच्या हातापाया पडायचे. एका पैशाची अपेक्षा नाही, लबाडी तर नाहीच. माणूस सोन्यासारखा आणि डोकं दगडासारखं, अशी काही माणसं असतात. आमच्या शिक्षकी पेशात जरा जास्तच असतात.

सरांची एक सवय होती. सराव संपला की ते प्रत्येक खेळाडूच्या कपाळावरून अंगठा फिरवायचे आणि तो उन्हात धरून बघायचे. अंगठा चमकला तर "शाब्बास". नाही चमकला तर मैदानाला आणखी फेऱ्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पिढ्या त्या अंगठ्याला घाबरायच्या. पोरं टाकीवर जाऊन कपाळ ओलं करून यायची आणि सर वास घेऊन ओळखायचे.

सिद्धनाथच्या कपाळावर माझ्यासमोर पहिल्यांदा अंगठा फिरला तेव्हा तो कोरडा निघाला. सिद्धनाथने लगेच सांगितलं होतं, "सर, मला घाम येत न्हाय." मी तिथेच उभी होते, माझ्या कानांनी ऐकलं.

सर त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "येईल. मेहनत केली की येईल."

पुढे त्याने किती वेळा सांगितलं, त्याची मोजदाद नाही. दर वेळी उत्तर तेच. येईल, येईल. एकदा सरांनी त्याची नाडी धरली. असल्या दुखण्यात काळीजही हवं तेवढं जोरात धावत नाही, हे मला नंतर डॉक्टरांकडून कळलं. सरांनी मनगट सोडलं आणि म्हणाले, "बघा. नाडीसुद्धा चढत नाही. हा अजून पूर्ण ताकद लावतच नाहीये." ओला टॉवेल तर त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. लाड करून घेतोय, असं त्यांना वाटायचं. मी भांडले. शरीरशास्त्र समजावून सांगितलं. ते ऐकून घेत आणि हसत. "बाई, तुम्ही शब्दांचं माणूस, मी घामाचं." अखेर एवढीच तडजोड झाली, की दोन फेकींच्या मध्ये टॉवेल चालेल, पण फेकायच्या आधी काढायचा. आणि शेवटी अंगठा फिरणारच.

तशात पोरगं राज्य स्पर्धेत पहिलं आलं. ती स्पर्धा पौषातल्या थंडीत पुण्याला झाली, त्यामुळे घामाचा प्रश्न कोणाच्या डोळ्यांवर आलाच नाही. मेच्या अखेरीला बंगळुरूला देशाच्या संघासाठी निवड चाचणी होती. सिद्धनाथचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. निवड झाली की सहा महिने शिबिर. तिथे चाकाची खुर्ची सगळीकडे जाते, न्हाणीतसुद्धा, असं त्याला एका खेळाडूने सांगितलं होतं. आंघोळ आपली आपण करता येते, हे तो मला दहादा सांगायचा. पदकाचं एकदाही बोलला नाही. मधल्या काळात त्याची फेक वाढत चालली होती. "कुटं पडलं?" ह्या प्रश्नाला कुमारचं उत्तर दर आठवड्याला थोडं लांबून यायला लागलं होतं.

चाचणीला दीडेक महिना उरला होता आणि इथल्या मंडळींना त्याचा सत्कार करायची हुक्की आली.

गुरुशांतशेठ आमच्या भागातल्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. अक्कलकोट रोडला त्यांचा चादरींचा कारखाना. आता सोलापुरात कोणाचा सत्कार चादरीशिवाय होत नाही. बाकी महाराष्ट्र शाल घालतो, आम्ही चादर पांघरतो. माझ्या निरोप समारंभात मला चार मिळाल्या, त्यातल्या दोन अजून पेटीत आहेत. गुरुशांतशेठनी सिद्धनाथसाठी खास चादर विणून घेतली. जाड, दुहेरी विणीची, काठात त्याचं नाव. मध्ये खेळाडूचं चित्र हवं होतं, पण क्लब थ्रोचं चित्र डिझाइनवाल्याकडे नव्हतं. मग त्याने भालाफेक्या विणला. दोन धडधाकट पायांवर उभा असलेला.

समारंभ एक मेला, सकाळी अकराला. मी म्हटलं, संध्याकाळी करा. गुरुशांतशेठ म्हणाले, "संध्याकाळी प्रमुख पाहुण्यांना अक्कलकोटला लग्नाला जायचं हाय हो बाई. काय होत नै, मांडव घालतोय की." मी वेणीमाधव सरांना म्हटलं, तुम्ही तरी सांगा. ते म्हणाले, "मैदानावर उन्हात बसतोच ना तो? इथे तर सावली आहे."

मांडव घातला होता खरा. वर कापड, तिन्ही बाजूंना कापड, वाऱ्याला यायला जागा नाही. व्यासपीठाला पायऱ्या होत्या, उतार नव्हता, म्हणून सिद्धनाथला चाकाच्या खुर्चीसकट चौघांनी उचलून वर ठेवला. दोन मोठे कूलर होते आणि दोन्हींची तोंडं पाहुण्यांच्या सोफ्याकडे. सोफा रिकामा. पाहुणे यायचे होते. सिद्धनाथ दुसऱ्या टोकाला. त्याने पहाटेपासून पाणी प्यायलं नव्हतं. लघवीची पिशवी पायाला बांधलेली असते. व्यासपीठावर ती भरली तर एवढ्या लोकांसमोर रिकामी कोण करणार? नव्या पँटीतून फुगवटा दिसला तर? त्याने तहान मारली. हे त्याने तेव्हा कोणालाही सांगितलं नाही, आईलासुद्धा नाही.

फेटा आधी बांधला, कारण फेटेवाल्याला पुढच्या लग्नाला जायचं होतं. मग गुरुशांतशेठ म्हणाले, चादर घालून फोटो काढून घेऊ, पाहुणे आले की पुन्हा काढू. चादर पांघरली, फोटो झाला. कुमार ती काढायला वर गेला तर एक कार्यकर्ता म्हणाला, "असू द्या, असू द्या. घडी मोडली की परत नीट बसत नाही." ती अंगावर राहिली. मग कुमारने टॉवेल पुढे केला. तोच कार्यकर्ता म्हणाला, "अहो, फेट्याचा रंग उतरंल चादरीवर."

कुमार खाली केराबाईकडे आला. ती पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती, मांडीवर दुसऱ्या ओल्या टॉवेलची पिशवी. कुमार म्हणाला, "चुलते, तू सांग त्यास्नी." तिने व्यासपीठाकडे पाहिलं. लेकाच्या डोक्याला फेटा, अंगावर नाव विणलेली चादर. एवढ्या वर्षांत लोकांनी त्या पोराकडे कीव करूनच पाहिलं होतं.

"ऱ्हाऊ दे रं," ती म्हणाली. "सायेब लोकानी पांघरलीय. काढली तर काय म्हनतील? वाईच कळ काढ." आणि वरून सिद्धनाथनेही मान हलवून नको म्हटलं.

त्या माउलीला मी बोल लावत नाही. मानाची सवय नसलेल्या माणसाला मान कधी काढून ठेवायचा हे कळत नाही. ज्यांना सवय होती, त्यांचं काय?

पाहुणे येईनात. सनई वाजून वाजून थांबली. सिद्धनाथचा चेहरा आधी लाल झाला, मग डाळिंबी. मी उठून गुरुशांतशेठकडे गेले आणि एक कूलर त्याच्याकडे वळवायला सांगितला. ते म्हणाले, "पाहुणे आले म्हंजे त्यांना काय सांगू?" मी आवाज चढवला तसे आजूबाजूचे लोक माझ्याकडे बघायला लागले. म्हातारपणी बाईंचं डोकं सरकलं, असं एका माजी विद्यार्थ्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मग मी वेणीमाधव सरांना गाठलं. "सर, त्याचं तोंड बघा. त्याला खाली उतरवा."

सरांनी माझं ऐकलं, हे खरं आहे. ते लगेच वर गेले. फेट्याची कड थोडी वर सरकवून त्यांनी त्याच्या कपाळावरून अंगठा फिरवला. उजेडात धरून बघितला. मग तिथूनच मला दाखवला.

"कोरडा आहे," ते म्हणाले. "घामसुद्धा नाही आलेला. ठीक आहे तो."

आणि ते परत आपल्या खुर्चीत जाऊन बसले. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत मी पुष्कळ मूर्खपणा पाहिला, थोडा केलाही. पण हा अंगठा मला अजून झोपेत दिसतो.

पाहुणे आले ते दीड-दोन तास उशिरा. त्यांनी जिद्दीवर भाषण केलं. इच्छाशक्तीपुढे शरीर काय चीज आहे, असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. सिद्धनाथची मान तेव्हा एका बाजूला झुकली होती. चादर पुन्हा पांघरली गेली, फोटो झाला, आणि निवेदकाने माइक त्याच्या तोंडापाशी धरला. दोन शब्द बोला.

सिद्धनाथने डोळे उघडले. समोर माणसं होती, पण तो आमच्याकडे बघत नव्हता.

"हुर्रर्र," तो माइकमध्ये म्हणाला. "हुर्रर्र. वळवा रं. उनं झाली. पान्याकडं वळवा."

मांडवात हशा पिकला. निवेदक म्हणाला, "वा! आपल्या मातीची भाषा!" पुन्हा टाळ्या. पाहुणेही हसले. त्याने पुन्हा मेंढरांना हाळी दिली, आधीपेक्षा बारीक आवाजात. "पान्याकडं वळवा की. मरत्याल."

केराबाई एकटी हसली नव्हती. ती पिशवी टाकून उठली, पायऱ्या चढून वर गेली आणि लेकाच्या मानेला हात लावून तिने तो चटका बसल्यासारखा मागे घेतला. मग जी किंकाळी फोडली ती माइकवरून सगळ्या रस्त्याला ऐकू गेली. कुमारने चादर ओढून काढली. तोवर सिद्धनाथचे डोळे पांढरे झाले होते आणि अंग आचके देत होतं. एवढं होऊनही एक कार्यकर्ता हुंगवायला कांदा फोडून आणायला पळाला. दारात गाडी पाहुण्यांचीच होती, दवाखान्यात न्यायला ती मात्र त्यांनी दिली.

दवाखान्यात त्याला बर्फात ठेवला. अंगाचा ताप किती होता ते डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "ह्याला पांघरूण कोणी घातलं?" ते विचारत होते. सत्कार होता, हे कुमारने शेवटी सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते आत गेले.

तो जगला. पेपरात एवढुशी बातमी आली, सत्कार समारंभात खेळाडूला भोवळ. गुरुशांतशेठ दवाखान्यात येऊन गेले. बाहेर माझ्यापाशी म्हणाले, "उपाशी आला असंल हो. हे लोक सकाळचं खात नैत. आन् त्रास होत होता तर बोलायचं ना, आमाला सपान पडतंय का?" पुढच्या बैठकीत मंडळाने ठराव केला, की यापुढे अपंग खेळाडूंचे सत्कार समारंभात न करता चादर घरपोच द्यावी. हा ठराव त्यांनी मला मोठ्या समाधानाने सांगितला. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मराठीच्या बाईंच्या तोंडी ते शोभलं नसतं, एवढंच सांगते.

बंगळुरूची चाचणी झाली तेव्हा सिद्धनाथ दवाखान्यातल्या खाटेवर होता. पण चाचणी पुढच्या वर्षीही असते, असं म्हणून मी मनाची समजूत घातली होती. ती समजूत जूनच्या पहिल्या आठवड्यात मोडली. कुमारने त्याला मैदानावर आणला, खुर्चीत बांधला, क्लब बोटांच्या बेचक्यात अडकवला. सिद्धनाथने हात वर नेला आणि तो हात हवेत थरथरायला लागला. नेम धरेना. फेकायच्या आधीच क्लब निसटला आणि खुर्चीच्या मागे, अगदी खुंटीला लागून, धप्पकन पडला.

"कु...टं पडलं?" त्याने विचारलं. जीभही जड झाली होती. एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा येत होता.

कुमार तिथेच उभा होता. त्याला पळावं लागलं नाही. "लांब गेलं," तो म्हणाला. "लई लांब."

धप्प आवाज सिद्धनाथने ऐकला होता. पुन्हा द्या, असं तो म्हणाला नाही. डॉक्टरांनी नंतर समजावलं, की अंग फार तापलं की मेंदूच्या मागचा, हाताचा नेम सांभाळणारा भाग भाजून निघतो. थोडंफार सुधारेल, म्हणाले. फेकण्याचं विचारू नका, म्हणाले. मोडलेल्या मानेतून एवढे दिवस जपून ठेवलेले दोन हात, तेही आम्ही टाळ्या वाजवत घालवले.

वेणीमाधव सर त्याला भेटायला धजत नव्हते. दवाखान्याच्या फाटकापर्यंत येऊन परत जायचे. शेवटी मीच त्यांना एका दुपारी रिक्षात घालून टपरीमागच्या खोलीवर नेलं. पाऊस अजून आला नव्हता, पत्रा तापला होता. दारात केराबाईने ती चादर ओली करून टांगली होती, आत गार हवा यावी म्हणून. भालाफेक्या उलटा लोंबत होता. कडेने पाणी ठिबकत होतं. खाटेवर सिद्धनाथ, मानेवर ओला टॉवेल. सरांना बघून त्याने हात जोडायचा प्रयत्न केला, पण हात एकमेकांना सापडले नाहीत.

सर स्टुलावर बसले. बराच वेळ शिट्टीच्या दोरीशी चाळा करत राहिले. मग त्यांना रडू फुटलं. म्हाताऱ्या पुरुषाचं रडणं मला बघवत नाही. तरी मी त्यांना थांबवलं नाही. माझ्या मनात त्या दिवशी त्यांच्यासाठी दया नव्हती.

"अरे, मला नीट सांगायचं तरी होतं रे तू," ते म्हणाले. "कधीच येत नाही, कितीही केलं तरी येणारच नाही, असं एकदा ठासून सांगितलं असतंस तर..."

केराबाईने तोंडाला पदर लावला. कुमार दारातून आत आला होता, तो तिथेच उभा राहिला. सिद्धनाथने सरांकडे पाहिलं. रागाने नाही. राग असता तर बरं झालं असतं. त्याला शब्द जुळवायला वेळ लागत होता आणि आम्ही वाट बघत होतो.

"सांगितलं... हुतं... की, सर," तो म्हणाला. "तुमी... म्हनला... येईल."

सरांच्या कपाळावरून घामाच्या धारा निघून गालांवरच्या पाण्यात मिसळत होत्या. केराबाईने त्यांना पुसायला एक टॉवेल दिला. त्या पत्र्याखाली आम्ही सगळेच घामाने निथळत होतो. तो एकटा कोरडा होता.